आवाज येईपर्यंत

त्यांना सगळी गल्ली वैद्यबुवा म्हणायची. औषधाची पुडी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती. ते फ्रिज दुरुस्त करत. पण बिघडलेल्या फ्रिजसमोर ते असे काही मांडी ठोकून बसत, की बघणाऱ्याला वाटावं, आता हे फ्रिजला जीभ दाखवायला सांगणार. आधी फ्रीझरचं दार उघडायचं, मग डोकं आत घालायचं, उजवा कान आतल्या पत्र्याला चिकटवायचा आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. पंखासुद्धा बंद. कुणाच्या हातून चमचा पडला, तर बुवा एक डोळा उघडून असं बघत, की त्या माणसाने श्वासही बेताने घ्यावा. मग डोकं बाहेर यायचं आणि निकाल लागायचा. "गॅस आहे, दुसरं काहीतरी आहे." नाहीतर, "गॅस गेला."

त्यात जादू काही नव्हती. फ्रिज चालू असला की फ्रीझरच्या नळीतून गॅस फिरतो आणि त्याचा एक बारीक 'सूं' असा आवाज येतो. आवाज असेल तर गॅस आहे, नसेल तर गळून गेलाय. हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं. पण बाकीचे मेकॅनिक नंतर मीटर लावून खात्री करून घेतात. बुवांचाही एक मीटर होता. तो हत्यारांच्या पेटीत अगदी तळाशी, फडक्यांच्या खाली पडून असायचा. "ज्याला कान नाहीत त्याने मीटर लावावा," असं ते चारचौघांत म्हणत. शेजारच्या घरातला फ्रिज गळत असला तर मला भिंतीतून कळतं, असंही म्हणत. ही शुद्ध थाप होती, पण बुवांच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांचा कान होताही तसाच. कितीतरी वर्षं तो चुकला नव्हता.

बुवांना एकुलती एक मुलगी. लहानपणी ती त्यांच्या दुकानात खोक्यावर बसून अभ्यास करायची, आणि बुवांनी कान लावला की आपणही वहीवरची पेन्सिल उचलून श्वास रोखून बसायची. बापलेकीचं असं गूळपीठ, की बायको वैतागून म्हणायची, माझं या घरात काही काम आहे की नाही? आणि त्या पोरीने लग्न कुणाशी ठरवावं? हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात नवे फ्रिज विकणाऱ्या पोराशी. त्या पोराचं दिवसभराचं काम काय, तर येणाऱ्या माणसाला सांगायचं, "दुरुस्त काय करत बसलात, जुना आणून द्या आणि नवा घेऊन जा." बुवांनी तीस-तीस वर्षं जगवलेले फ्रिज हा गोडगोड बोलून भंगारात घालत होता. आता यात त्या पोराचा काय दोष? पोटासाठी माणूस काहीही विकतो. पण बुवांना ते कुणी सांगायचं? ते म्हणाले, "हे लग्न होणार नाही." मुलगी म्हणाली, "होणार." हट्टीपणा तिने कुठून दुसरीकडून आणला नव्हता.

ती घर सोडून निघाली त्या सकाळी बुवा दारासमोर स्टुलावर, घराकडे पाठ करून बसले होते. समोर एक उघडलेला कॉम्प्रेसर होता आणि त्यात त्यांनी डोकं खुपसलं होतं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आपण होऊन वळायचं नाही. पण तिने एकदा, फक्त एकदा 'बाबा' म्हटलं, तर उठायचं. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. कदाचित भांडले असते, कदाचित बॅग हातातून काढून घेतली असती. थोड्या वेळाने त्यांच्या बाजूने तिची चप्पल आणि बॅगेचं चाक पुढे गेलेलं दिसलं. ती गेली. एक अक्षर न बोलता गेली. हे त्यांच्या काळजात जे रुतलं, ते रुतलंच. लग्नाला ते गेले नाहीत. तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. बायको अधूनमधून काहीतरी निमित्त काढून लेकीकडे जाऊन यायची आणि बुवा आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखं पेपरात तोंड घालून बसायचे. एकदा तर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दोन फ्रिजपैकी छोटा, एका दाराचा जुना फ्रिज गायब झाला. बायकोने तो टेम्पोत घालून लेकीकडे पाठवून दिला होता. तो फ्रिज बुवांनी भंगारातून आणून स्वतःच्या हाताने उभा केलेला. रिकाम्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि 'जेवायला वाढ' म्हणाले.

दोन वर्षं होत आली होती. एके दिवशी बायको फोन ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिचा फ्रिज गार करत नाहीये," ती म्हणाली. "जावई म्हणतात, नवा आणू. ती म्हणते, बाबांना विचार."

बुवांनी पेपर खाली ठेवला. त्या घरात नवा फ्रिज आणणं म्हणजे कोपऱ्यावरून काडेपेटी आणण्यासारखं. तरी ती बाबांना विचार म्हणाली. यात फ्रिजचं किती आणि बापाचं किती, हे न कळायला बुवा काही दूधखुळे नव्हते.

"उद्या वेळ होतोय का बघतो," ते म्हणाले.

उद्या त्यांना वेळच वेळ होता. सकाळी उठून त्यांनी दाढी केली, हत्यारं पुसून घेतली आणि ठेवणीतला शर्ट घातला. बायको बघून गालातल्या गालात हसली, पण काही बोलली नाही. किंवा बोलली असेल. अलीकडे ती फार तोंडातल्या तोंडात बोलते, अशी बुवांची तक्रारच होती. बायकोची तक्रार अशी, की टीव्हीचा आवाज एवढा मोठा का लावता.

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. स्वयंपाकघर बोळासारखं अरुंद. त्यात ओट्याच्या शेवटी भिंतीत एक खाच होती आणि एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट अशा त्या खाचेत तो छोटा फ्रिज पाचरीसारखा ठोकून बसवला होता. मागची जाळी भिंतीला टेकलेली. बाजूने पोस्टकार्ड सरकवायलाही जागा नव्हती.

मुलगी जरा बारीक झाली होती. तिच्या तोंडाकडे बघायचं बुवांच्याने होईना. दोन वर्षांनी बघायचं तर कुठल्या चेहऱ्याने बघायचं? म्हणून ते फरशीकडे बघत राहिले. ती फ्रिजला हात लावून सांगत होती, "बाबा, मोटर चालूच असते, बंदच पडत नाही. वर थोडा बर्फ धरतो, पण खाली दूध नासतं. आणि मागची भिंत इतकी तापते की हात लावता येत नाही." फरशीकडे बघणाऱ्या बुवांना यातलं 'मोटर' आणि 'दूध' एवढंच लागलं. त्यांनी हुंकार दिला आणि आपलं नेहमीचं आसन ठोकलं.

खरं तर हा रोग दारातूनच ओळखू यायला हवा होता. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळीला वारा मिळाला नाही तर ती उष्णता जाणार कुठे? फ्रिज चार बोटं पुढे ओढायचा, जाळीवरची धूळ झटकायची, संपलं. हे बुवा स्वतः गिऱ्हाइकांना बजावून सांगायचे. पण आज त्यांना लेकीपुढे आपला कान दाखवायचा होता.

त्यांनी कान लावला, डोळे मिटले. मुलीने पंखा बंद केला. ती जुन्या सवयीने श्वास रोखून उभी आहे हे त्यांना न बघता कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

फ्रीझरमधून काही आवाज येत नव्हता. खालून मोटरची घरघर येत होती, पण ते 'सूं' नव्हतं.

"गॅस गेला," बुवा म्हणाले.

मुलगी मागून काहीतरी म्हणाली. बुवा पेटीत हत्यारं शोधत होते.

फ्रीझरच्या पत्र्यावर पातळ बर्फ होता. गॅस गेलेल्या फ्रिजमध्ये बर्फ कुठून आला, हा प्रश्न बुवांना पडला, पण त्यांनी तो 'अर्धा गेला असेल' म्हणून ढकलून दिला. फ्रिज कसाबसा पुढे ओढून त्यांनी नळीला वाल्व बसवला आणि गॅस भरण्यापुरता का होईना, मीटर जोडला. काटा जिथे असायला हवा तिथेच होता. बुवांनी काचेवर नखाने टकटक केलं. काटा हलेना. "म्हातारा झाला हा," असं मीटरला म्हणून त्यांनी सिलिंडरचा कॉक उघडला. थोडा गॅस सोडला, कान लावला. काही नाही. आणखी थोडा सोडला. आणखी थोडा. काटा वर चढत होता आणि बुवा त्याच्याकडे बघतही नव्हते. शेवटी कधीतरी नळीतून घुटक-घुटक असं काहीतरी कानाला लागलं.

"आला!" ते म्हणाले, आणि हसले. दोन वर्षांत त्या घरातल्या माणसाला त्यांनी पहिल्यांदा हसून दाखवलं होतं.

मुलीने चहा केला. फ्रिज त्यांनी पुन्हा त्याच्या खाचेत नीट ढकलून दिला, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला आणि मग कपाटाचं दार नीट लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. फ्रिज बंद. जळका वास येतोय.

बुवा जेवत्या ताटावरून उठले. यावेळी जावई घरी होता. त्याची सुट्टी होती. त्याने स्वतः पुढे होऊन फ्रिज ओढायला हात लावला. कॉम्प्रेसर, म्हणजे ती खालची मोटर, इतका तापला होता की त्यावर पाणी टाकलं तर वाफ झाली असती. मोटरकडे परत येणाऱ्या गॅसच्या नळीखाली पाण्याचं थारोळं. म्हणजे नळीवर पार खालपर्यंत बर्फ चढला होता आणि आता वितळला होता. हे कशाचं लक्षण ते बुवांना विचारायची गरज नव्हती. गॅस जास्त झाला होता. थोडाथोडका नाही, भरमसाट. आधीच कोंडलेल्या मोटरवर तेवढा भार पडला आणि ती बिचारी जळून गेली.

बुवांनी तरीही तपासल्यासारखं केलं. तारा काढल्या, पुन्हा लावल्या.

"जुनाच झाला होता, बाबा," जावई म्हणाला. त्याचा आवाज जाडा होता, तो बुवांना स्वच्छ लागायचा. "होतं असं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उद्या संध्याकाळी दुकानातून नवा येईल, आणि तीच माणसं हा घेऊन जातील."

टोमणा मारला असता तर परवडलं असतं. हा पोरगा खरोखर समजूत घालत होता, आणि ते बुवांना जास्त झोंबलं.

मुलगी मोरीत नासलेलं दूध ओतत होती. ओतून झाल्यावर ती वळली आणि थेट त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "आख्ख्या जन्मात तुमच्या हातून एक फ्रिज मेला नाही. माझाच मेला."

"अगं, असं काय बोलतेस?" जावई म्हणाला.

"नाही, मी फक्त सांगतेय. आणि काल मी विचारत होते, बर्फ धरतोय तर गॅस कसा गेला? तर वळूनसुद्धा बघितलं नाहीत. माझ्याशी बोलायचंच नव्हतं तर यायचं कशाला?"

तिने काल काही विचारलं होतं? त्यांनी पेटी उचलली आणि जिना उतरले.

घरी येऊन ते स्वयंपाकघरात शिरले ते थेट आपल्या फ्रिजसमोर. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मेकॅनिकची एक साधी रीत असते: बिघडलेल्या वस्तूत काय चुकलंय ते कळेना, की शेजारी धडधाकट वस्तू ठेवून बघायची. त्यांचा फ्रिज धडधाकट होता. मोटर चालू होती. फ्रीझर उघडला तर बर्फाचा ट्रे दगडासारखा. पत्र्याला हात लावला तर बोटं चिकटली.

त्यांनी कान लावला.

काहीच आवाज नव्हता. कान जरा सरकवून लावला. मग डावा लावला. कानाला गार पत्रा लागत होता, खालून घरघर येत होती, आणि वर नुसती शांतता. ते तसेच डोकं आत घालून बसले, बाहेर काढलं तर जे कळलंय ते खरं होईल असं वाटून.

"काय करताय काय?" बायकोने खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. ती केव्हा आली ते त्यांना कळलं नव्हतं.

"इकडे ये," ते म्हणाले. "इथे कान लाव. काही ऐकू येतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"लाव म्हणतो ना!"

तिने कान लावला. लगेच म्हणाली, "येतंय की. सूं सूं चाललंय."

"मोठं?"

"चांगलं मोठं आहे. का हो?"

बुवा भिंतीला टेकून खाली बसले. मोटर ऐकू येते, हातोडा ऐकू येतो, पुरुषमाणसांचं बोलणं ऐकू येतं, म्हणून त्यांना कधी शंका आली नाही. त्यांच्या कानातून फक्त बारीक आवाज गेले होते, समोर नसतील तर बायकांचेही, एकेक करून, काही न सांगता. गेल्या वर्षा-दोन वर्षांत किती फ्रिजना त्यांनी 'गॅस गेला' म्हणून सांगितलं होतं? किती फ्रिजमध्ये आवाज येईपर्यंत गॅस भरला होता? गॅस फार जायला लागलाय हल्ली, मालच वाईट येतो, असं ते गल्लीभर सांगत फिरत होते. त्यातले किती फ्रिज पुढे महिन्या-दोन महिन्यांत मेले आणि जावयाच्या दुकानात गेले असतील? त्यांना शरमेने कानकोंडं झालं. आणि ती शरम अजून पुरती पोचली नव्हती, तोच तिच्या मागून दुसरा विचार आला.

"त्या दिवशी," ते बायकोला म्हणाले. "ती गेली त्या दिवशी. जाताना ती काही बोलली होती?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बोलली होती म्हणजे? दारात उभी राहून दोनतीनदा 'बाबा' म्हणाली. 'बाबा, निघते' म्हणाली. रडायला लागली होती पोर. तुम्ही मान वर केली नाहीत."

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं नाही? ती गेल्यावर स्वयंपाकघरातून तोंड दुखेपर्यंत बोलले मी तुम्हाला! दगड म्हणाले, कसाई म्हणाले, काय काय म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि थोड्या वेळाने चहा मागितलात. तेव्हापासून मी..." ती थांबली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "अहो, तुम्हाला ऐकूच नव्हतं आलं?"

बुवांनी नुसती मान हलवली. तिने त्यांच्याजवळ खाली बसून त्यांचं मनगट धरलं. दोन वर्षं ही बाई त्यांच्याशी तुटकपणे का वागत होती, हेही त्यांना आत्ता कळत होतं. तिला वाटत होतं, आपण एका दगडाबरोबर राहतो. त्यांना वाटत होतं, ही लेकीच्या बाजूची झाली.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "मी सांगते तिला."

"नको," बुवा म्हणाले. "मी सांगतो."

सकाळी त्यांनी दुकानातला एक चांगला कॉम्प्रेसर पिशवीत घातला आणि गॅसची छोटी टाकी, नळ्यांचे जोड वितळवायचा बर्नर, सगळं घेऊन निघाले. फडक्यांखालचा मीटर त्यांनी आज वर ठेवला होता. पिशवी जड होती, आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं, परत फिरावं. लेकीसमोर उभं राहून 'मी बहिरा झालो' म्हणायचं, म्हणजे आपल्या हाताने आपली पाटी उतरवायची. वैद्यबुवा म्हणून पुन्हा त्यांना कोण बोलावणार होतं?

मुलगी एकटीच होती. फ्रिज खाचेतून बाहेर काढून, रिकामा करून, दार उघडं टाकून ठेवला होता. आतलं सामान तिने पाण्याच्या टबात मांडलं होतं.

"माणसं संध्याकाळी येणार आहेत," ती म्हणाली. तिच्या ओठांकडे बघत होते म्हणून त्यांना कळलं.

"तुझ्या फ्रिजचा गॅस गेलाच नव्हता," बुवा म्हणाले. "मी जास्त भरला. मी मारला त्याला."

"कळलं मला. यांनी सांगितलं."

"मला ऐकू येत नाही."

"काय?"

"बारीक आवाज येत नाहीत. घरच्या फ्रिजला कान लावून बघितला काल. तुझी आई ऐकते आणि मला काही नाही. परवा तू बर्फाचं विचारलंस ते ऐकलंच नाही मी. आणि..." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आणि तू गेलीस त्या दिवशी तू हाका मारल्यास, त्याही ऐकल्या नाहीत. तू न बोलता गेलीस असं मी इतके दिवस धरून बसलो होतो."

मुलगी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला भिंतीपलीकडचा गॅस ऐकू येतो. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी लहान असताना पेन्सिल ठेवली तरी तुम्ही डोळा उघडायचात. आणि मी दारात उभी राहून ओरडले, ते ऐकू आलं नाही?"

"नाही आलं."

"बरं आहे. सोयीचं आहे." ती वळली आणि ओट्याकडे गेली.

जन्मभर आपल्या कानाचा डांगोरा बुवांनीच पिटला होता. तोच आज त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा होता. आपल्याला ऐकू आलं हे दाखवता येतं. ऐकू आलं नव्हतं, हे कसं दाखवायचं? शपथ घ्यावी असं त्यांच्या मनात आलं, पण तीही पोकळ वाटली असती. ते खाली बसले, फ्रिजची पाठ स्वतःकडे फिरवली आणि कामाला लागले. बोलून जमलं नाही, निदान हे तरी जमावं.

खिडकी उघडून त्यांनी आधी नळीतला जास्तीचा गॅस सोडला. तो सुटतोय की नाही ते त्यांनी तळहात पुढे धरून पाहिलं; हाताला गारवा लागत होता. तो थांबेपर्यंत हात तसाच धरला. मग जाळीवरची धूळ जुन्या ब्रशने खाली पाडली. केवढी धूळ! परवा इथे एक नजर टाकली असती तर एवढ्या ब्रशवर भागलं असतं. मग जळलेल्या कॉम्प्रेसरचे बोल्ट. पहिला सहज निघाला, दुसरा गंजलेला होता. त्याला तेल सोडून ते वाट बघत बसले, मग पाना लावून अंगाचा जोर दिला. घामाचे थेंब फरशीवर पडत होते. तिसरा निघाला. चौथा कोपऱ्यात अंधारात होता आणि पाना कुठे लावायचा ते दिसेना. टॉर्च ओट्यावर राहिला होता.

टॉर्च मागायला म्हणून ते मागे वळले.

मुलगी त्यांच्या पाठीशी दोन हातांवर उभी होती. तिचा चेहरा रडून रडून लाल झाला होता, केस गालाला चिकटले होते. ती बोलत होती. तिचा एक हात वर उचललेला होता, जोरजोरात भांडताना माणसाचा असतो तसा. बुवा वळलेले दिसताच तिचे ओठ वाक्याच्या मध्येच थांबले. हात तसाच राहिला.

बुवा बघत राहिले. त्यांच्या कानात खाली रस्त्यावरच्या ट्रकची घरघर येत होती, बाकी काही नाही.

"किती वेळची बोलतेस?" त्यांनी विचारलं.

तिने हात खाली घेतला. मग त्यांच्यासमोर येऊन, गुडघे टेकून फरशीवर बसली, धुळीतच, आणि तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून सावकाश म्हणाली, "मगासपासून."

"मी टॉर्च मागायला वळलो."

"कळलं."

"काय म्हणत होतीस? पुन्हा सांग. आता समोर आहेस, ऐकतो."

तिने मान हलवली. त्यांच्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीने पुसला, मग तेच टोक स्वतःच्या डोळ्यांना लावलं.

"नको, बाबा. फार वाईट बोलले मी. आता नको ते."

ती उठली आणि टॉर्च घेऊन आली. त्यांच्या शेजारी वाकून तिने त्या अंधाऱ्या बोल्टवर उजेड धरला. बुवांनी पाना लावला, पण जोर लावला नाही. दोन वर्षांचं सगळं ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून बोलून मोकळी झाली होती, आणि त्यातला एक शब्द त्यांना मिळाला नव्हता. तो मिळावा, शिव्या असल्या तरी मिळावा, असं त्यांना फार फार वाटलं.